उरलेला मासा : चिनी नववर्षाचे ताट आणि शुभाची भाषा

भाषांतरित साहित्याच्या तासाला लू शुन यांची 'झू-फू' ही कथा मी गेली काही वर्षे शिकवत आले आहे. १९२४ साली लिहिलेली ही कथा. 'झू-फू' म्हणजे वर्षाच्या अखेरीस पुढील वर्षाच्या सुखासाठी देवांना अर्पण करावयाचा नैवेद्य, आणि त्यातून मागितलेला आशीर्वाद. कथेतील श्यांगलीनची बायको ही मोलकरीण दुर्दैवाच्या एकामागून एक आघातांनी 'अशुभ' ठरते आणि तिला या नैवेद्याच्या तयारीला हात लावू दिला जात नाही. पेले, काड्या, मेणबत्त्यांची घरे यांतले काहीही तिने उचलले की मालकीणबाई घाईने म्हणते, ठेव ते, मी करते. एकदा हा भाग वाचून झाल्यावर मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "मॅडम, तिने ते पेले नेले असते तर नक्की काय झाले असते?"

प्रश्न साधा होता. मी दिलेले उत्तर अंधश्रद्धा, सरंजामी समाज, स्त्रीचे शोषण अशा नेहमीच्या शब्दांतले होते. ते चूक नव्हते. पण तिचा प्रश्न 'का' असा नव्हता, 'काय झाले असते' असा होता. त्या घरातल्या माणसांना कशाची भीती वाटत होती? ताटातल्या पदार्थांत असे काय होते, जे एका बाईच्या स्पर्शाने नासले असते? या प्रश्नाचा माग काढायचा तर चिनी नववर्षाच्या ताटाचाच इतिहास पाहावा लागतो. प्रस्तुत लेखात तो प्रयत्न आहे.

चिनी नववर्ष चांद्र-सौर पंचांगाने येते. आपल्याप्रमाणेच तेथेही अधिक मास धरला जातो, आणि नववर्षाचा पहिला दिवस २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या काळात पडतो. आपल्या हिशेबाने बोलायचे तर बहुधा पौष अमावास्येला त्यांचे वर्ष संपते. परंतु सणाची सुरुवात त्याच्या आठवडाभर आधी, बाराव्या महिन्याच्या तेविसाव्या किंवा चोविसाव्या दिवशी होते, आणि ती होते चुलीपाशी. चुलीवर भिंतीला चिकटवलेल्या कागदी चित्रात वर्षभर राहणारा गृहदेव, झाओ-च्युन, या दिवशी स्वर्गातल्या सम्राटाकडे घराचा वार्षिक अहवाल द्यायला जातो. वर्षभर त्याने चुलीमागून सारे ऐकलेले असते: सासू-सुनांची भांडणे, मुलांना घातलेल्या शिव्या, शेजाऱ्यांची निंदा. म्हणून निघण्यापूर्वी त्याच्या ओठांना माल्टची चिकट मिठाई लावतात. हेतू दोन सांगितले जातात: त्याने गोड बोलावे, किंवा दात चिकटून त्याला बोलताच येऊ नये. मग चित्र जाळले की देव निघाला. वर्षाच्या शेवटच्या रात्री नवे चित्र लावले की परतला. याच मिठाईवर लू शुन यांनी १९२६ साली एक उपरोधिक निबंध लिहिला आहे. देवाला लाच देणारा समाज माणसांशी कसा वागत असेल, हा प्रश्न त्या मिठाईकडे पाहून कोणालाही पडावा.

या सणाच्या खाद्यपरंपरेची एक महत्त्वाची जुनी नोंद सहाव्या शतकातील आहे. लिआंग राजवटीच्या काळातील त्झुंग लिन या अधिकाऱ्याने यांगत्से नदीच्या मध्य खोऱ्यातील, म्हणजे जुन्या चिंग-चू प्रदेशातील, वर्षभराच्या चालीरीती लिहून ठेवल्या. नववर्षाच्या दिवशी लोक पहाटे उठून अंगणात बांबू जाळीत. पेरांतली हवा तापून बांबू फुटला की मोठा आवाज होई आणि डोंगरातली पिशाच्चे पळून जात. फटाक्यांचे हे पूर्वरूप होय. त्यानंतर तिरफळाच्या जातीचे चिनी मिरे आणि सायप्रस घातलेले मद्य, 'थू-सू' नावाचे औषधी मुळ्यांचे मद्य, दातांना चिकटणारी मिठाई आणि पाच तिखट-उग्र भाज्यांचे ताट असा क्रम असे. या यादीत समृद्धीपेक्षा संरक्षणावरच भर दिसतो. खाणे म्हणजे येणाऱ्या वर्षातील रोगराईविरुद्ध अंगात घातलेले चिलखत. विशेष म्हणजे एरवी प्रत्येक बाबतीत वडीलधाऱ्यांना अग्रमान देणारा हा समाज थू-सू पिताना मात्र सर्वांत धाकट्यापासून सुरुवात करी. कारण असे दिले जाई की लहानांना एक वर्ष मिळाले, म्हणून त्यांचे अभिनंदन आधी; म्हाताऱ्यांचे एक वर्ष गेले, म्हणून त्यांचा पेला शेवटी. पुढे सुंग काळातील कवींना 'शेवटी थू-सू पिणे' हे वार्धक्याचे रूपक म्हणून हाताशी आले ते यातूनच. चीनमधून हे मद्य बव्हंशी नाहीसे झाले, जपानमध्ये मात्र नववर्षाला ते आजही घेतले जाते.

मग आज आपल्याला परिचित असलेले 'शुभ' पदार्थ, मासा, पुरीसारख्या पातळ पारीत सारण भरून उकडलेले ज्याओझ, चिकट तांदळाची वडी, संत्री, यांचे शुभत्व कोठून येते? ते औषधी गुणांतून येत नाही, उच्चारांतून येते. अधिकृत चिनी भाषेत सूर वगळले तर एकूण अक्षरे सुमारे चारशे आहेत आणि सूर धरले तर तेराशेच्या आसपास. एवढ्या थोड्या ध्वनींत हजारो शब्द बसवायचे, म्हणजे समोच्चारी शब्दांची दाटी अटळ. आपण वर्गात श्लेष हा अलंकार म्हणून शिकवतो. वापरला तर शोभा, न वापरला तर नुकसान नाही. चिनी भाषेत श्लेष रस्त्यात पडलेला असतो, त्याला टाळणेच कठीण. मासा म्हणजे 'यू' आणि शिल्लक, उरणे, म्हणजेही 'यू'. म्हणून वर्षाच्या शेवटच्या रात्रीच्या कौटुंबिक जेवणात मासा हवा, आणि तो सगळा संपवायचा नाही. काही घरांत तो त्या रात्री थोडासाच खातात आणि उरलेला दुसऱ्या दिवशी, म्हणजे दुसऱ्या वर्षात, खातात. शिल्लक जुन्या वर्षातून नव्यात नेली जाते. 'निएन-गाओ' म्हणजे वर्षाची वडी. तसाच उच्चार 'वर्षागणिक उंच' याचाही. संत्र्याच्या नावात शुभवाचक शब्दाचा भास आहे. दाराला 'फू', म्हणजे सुख, हे अक्षर उलटे लावतात, कारण 'उलटे' आणि 'आले' या दोहोंचा उच्चार 'दाओ'. मुलांना लाल पाकिटात देतात तो पैसा म्हणजे 'या-स्वे-छ्येन', वर्ष दाबून धरणारा पैसा. पण 'स्वे' म्हणजे वर्ष तसेच पिशाच्चही, म्हणून तो मुलांवरची बाधाही दाबतो. एकेकाळी ही नाणी लाल दोऱ्यात ओवून मुलांच्या उशाखाली ठेवीत.

चीन म्हणजे एकच भाषा नव्हे, आणि ताटही एक नव्हे. ह्वाय नदी आणि छिनलिंग पर्वत यांच्या उत्तरेला गव्हाचा प्रदेश, दक्षिणेला भाताचा. उत्तरेत नववर्षाचा मानकरी ज्याओझ, दक्षिणेत तांदळाची वडी. ज्याओझ हा पदार्थ निदान थांग काळाइतका जुना आहे. शिनज्यांगमधील तुर्फानजवळच्या आस्ताना येथील थडग्यांत, कोरड्या वाळवंटी हवेमुळे टिकून राहिलेले त्या काळातील ज्याओझ सापडले आहेत. त्याच्या नावाचा संबंध लोक मध्यरात्रीच्या 'झ' प्रहराशी, म्हणजे रात्री अकरा ते एक या काळाशी जोडतात: दोन वर्षांचा सांधा जुळतो त्या घटकेला खायचा तो ज्याओझ. त्याचा आकारही जुन्या चांदीच्या लगडीसारखा. मिंग काळाच्या अखेरीस ल्यू रुओ-यू या राजवाड्यातील सेवकाने लिहून ठेवले आहे की नववर्षाच्या दिवशी एक-दोन ज्याओझमध्ये चांदीचे नाणे लपवीत, आणि ज्याच्या दाताला ते लागे त्याचे वर्ष चांगले जाणार असे मानीत. इ.स. १९०० च्या सुमारास बीजिंगच्या वर्षभराच्या चालीरीती लिहिणारा मांचू लेखक दुन छुंग हाच खेळ सामान्य घरांतला म्हणून नोंदवतो, आणि सांगतो की या दिवशी गरीब-श्रीमंत सारेच पांढऱ्या पिठाचे ज्याओझ खातात. श्रीमंत त्यात सोन्याचांदीच्या लहान लगडी आणि रत्ने घालतात.

दक्षिणेकडील कँटनी भाषेत याच भाषिक खेळाचे नियम वेगळे. तेथे लहान संत्रे आणि सोने यांचा उच्चार एकच. सुके कालव 'चांगल्या बाजारा'जवळ जाणारे. जिभेला मूळ शब्द होता तो 'तोटा' या शब्दासारखा ऐकू येई. व्यापारी समाजाला ते कसे खपावे? त्यांनी जिभेचे नावच बदलून 'नफा' या शब्दाच्या उच्चाराचे केले. कसायाकडची डुकराची जीभ तेव्हापासून 'नफा' झाली. मराठी माणसाला यात परके काही वाटू नये. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. घरातून निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. अभद्र शब्द तोंडातून निघाला की अभद्र गोष्टीला वाट मिळते, ही समजूत दोन्हीकडे सारखी आहे. फरक इतकाच की आपण ती बोलण्यापुरती ठेवली, चिनी स्वयंपाकघराने ती शिजवली.

येथवर सारे गमतीचे वाटते, आणि चिनी सणांवरील बहुतेक लेखन येथेच थांबते. अमुक पदार्थ म्हणजे धन, तमुक म्हणजे दीर्घायुष्य, अशी यादी देऊन वाचकाला शुभेच्छा देण्यात येतात. पण यादीकडे पुन्हा एकदा पाहिले की ध्यानात येते की तिच्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द 'धन' नाही, 'उरणे' आहे. मासा उरला पाहिजे. भात वर्षाच्या शेवटच्या दिवशी जास्त शिजवला पाहिजे, म्हणजे नव्या वर्षात जुना भात असेल. दुन छुंगच्या बीजिंगमध्ये तर सोनेरी-रुपेरी धान्याचा 'वर्षभात' रचून, त्यात पाइन-सायप्रसच्या डहाळ्या खोवून, खजूर आणि चेस्टनट लावून तो पाच दिवस तसाच ठेवीत. त्या पाच दिवसांत कच्चा तांदूळ शिजत घालायचा नाही, असा दंडक होता. पहिल्या दिवशी केर काढायचा नाही, कारण केराबरोबर लक्ष्मी जाईल. हा श्रीमंतांचा संकेत नव्हे. ज्याचे धान्याचे कणगे कधी रिकामे झालेले नाही, त्याला 'उरले' या शब्दाचे मोल कळत नाही. नदी-समुद्रापासून दूर असलेल्या काही गरीब भागांत मासा मिळत नसे, तेव्हा लाकडाचा मासा कोरून, त्यावर रस्सा ओतून तो पानात मांडीत. तो खाता येत नसे, म्हणून दर वर्षी उरे. या लाकडी माशाइतके या परंपरेचे खरे वर्णन मला अन्यत्र सापडत नाही.

निएन-गाओची सुजोऊमधील दंतकथाही भुकेचीच आहे. वू राज्याचा मंत्री वू झ-श्यू, ज्याचा मृत्यू इ.स.पूर्व ४८४ मध्ये झाला, त्याने नगराची तटबंदी बांधून घेतली आणि विश्वासू माणसांना सांगून ठेवले की संकट आले तर या भिंतीखाली खणा. त्याच्या मृत्यूनंतर नगराला वेढा पडला, लोक उपासमारीने मरू लागले, तेव्हा भिंतीचा पाया खणला गेला. खालच्या विटा चिकट तांदळाच्या पिठाच्या निघाल्या. दंतकथा इतिहास म्हणून घेण्याचे कारण नाही. पण ज्या समाजाला आपल्या सणाच्या गोड वडीचे मूळ वेढ्यातल्या उपासमारीत शोधावेसे वाटले, त्याने त्या वडीत काय पाहिले हे स्पष्ट आहे.

वर्षाच्या अखेरीला चिनी भाषेत 'निएन-ग्वान' म्हणतात. 'ग्वान' म्हणजे खिंड, नाका. सहज ओलांडता न येणारी जागा. याचे कारण आर्थिक होते. वर्षभराची उधारी आणि कर्ज शेवटच्या रात्रीच्या आत फेडायचे, असा रिवाज होता. सावकाराची माणसे त्या रात्री दारोदार फिरत. यानआनमध्ये १९४५ साली रंगभूमीवर आलेल्या 'श्वेतकेशी कन्या' या संगीतिकेचा आरंभ याच रात्री होतो. कर्जबाजारी शेतकरी यांग बाय-लाओ थोडे पीठ आणि मुलीच्या केसांसाठी लाल दोरा घेऊन चोरपावलांनी घरी येतो. बापलेक ज्याओझ करण्याच्या तयारीत असतानाच जमीनदाराचे बोलावणे येते, कर्जापोटी मुलगी लिहून घेतली जाते, आणि बाप टोफू विरजायचे विषारी खारे पाणी पिऊन जीव देतो. संगीतिका प्रचारकी आहे. तरीही त्या मूठभर पिठाचा अर्थ प्रेक्षकांना समजावून सांगावा लागला नाही. ज्याओझ झाले तर वर्ष ओलांडले, नाही झाले तर नाही.

आता लू शुन यांच्या कथेकडे परतता येईल. शुभाची ही सारी व्यवस्था एका तत्त्वावर उभी आहे: सारखे सारख्याला ओढून आणते. मासा शिलकीला ओढतो, वडी उंचीला ओढते. मग हेच तत्त्व उलट दिशेनेही चालणार. जिच्या आयुष्यात काही उरले नाही, तिचा हात लागला तर नैवेद्यातूनही काही उरणार नाही. श्यांगलीनची बायको पहिल्यांदा लू घराण्यात आली तेव्हाही ती विधवाच होती. मालकाने कपाळाला आठी घातली. पण त्या वर्षअखेरीस घर धुण्यापासून कोंबड्या कापून रात्रभर नैवेद्य शिजवण्यापर्यंतचे सारे काम तिने एकटीने केले आणि कोणाला काही खटकले नाही. पुढे सासरच्यांनी तिला बळजबरीने दुसऱ्याला विकले. दुसरा नवरा तापाने गेला, मुलाला लांडग्याने नेले. ती परत आली ती 'दोन नवऱ्यांची' म्हणून, आणि तिने केलेले अन्न पूर्वज स्वीकारणार नाहीत असा निर्णय झाला. दुसरी एक मोलकरीण तिला सांगते की मेल्यावर दोन्ही नवरे तुझ्यासाठी भांडतील आणि यमराजा तुला करवतीने चिरून दोघांत वाटील. उपाय म्हणजे देवळाला उंबरठा दे, म्हणजे लोक त्यावर पाय देऊन जातील आणि तुझे पाप फिटेल. साठवलेली कमाई घालून ती उंबरठा देते. मग हिवाळी अयनदिनाच्या पितृपूजेत ती मोकळ्या मनाने पेल्यांना हात घालते, आणि मालकीणबाई ओरडते. त्या दिवसापासून ती खचत जाते. शेवटी भिकारीण होऊन ती मरते, ती नेमकी गावात नैवेद्य शिजत असताना. कथेच्या अखेरीस सर्वत्र फटाके वाजत आहेत आणि देव तृप्त होऊन गावावर सुखाचा वर्षाव करण्याच्या तयारीत आहेत.

मराठी वाचकाला ही बाई ओळखीची आहे. हळदीकुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीत बसून राहिलेल्या आत्या-मावश्या आपल्यातल्या अनेकांनी पाहिल्या आहेत. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'पासून मराठी कादंबरीने तिची गोष्ट सांगितली आहे. दोन्हीकडच्या नियमांत भेद आहे: लू शुन यांच्या गावात दोष वैधव्यापेक्षा पुनर्विवाहाचा, आपल्याकडे वैधव्यच पुरेसे. पण शुभाचे कुंपण घालताना कोणाला तरी कुंपणाबाहेर ठेवावे लागते, हे दोन्हीकडे सारखेच.

विसाव्या शतकातील चिनी राज्यकर्त्यांनाही हे कुंपण खुपत होते, आणि त्यांनी सणच मोडण्याचा मार्ग घेतला. १ जानेवारी १९१२ रोजी प्रजासत्ताक स्थापन होताना सन यत्-सेन यांनी सौर पंचांग स्वीकारले. १९१४ मध्ये जुन्या नववर्षाला 'वसंतोत्सव' असे नवे नाव मिळाले; 'नववर्ष' हा मान १ जानेवारीकडे गेला. १९२८ नंतर नानजिंगच्या राष्ट्रवादी सरकारने जुने पंचांग आणि त्याचे सण बंद करण्याचा चंग बांधला, सुट्या रद्द केल्या, बंदीचे हुकूम काढले. लोकांनी दाराआड ज्याओझ केले, आणि १९३४ च्या सुमारास सरकारने हा आग्रह सैल केला. १९४९ नंतर साम्यवादी राजवटीने वसंतोत्सवाची तीन दिवसांची सुटी दिली; पण १९५८ मध्ये लोककम्यून आले, खेड्यापाड्यांत घरोघरच्या चुली बंद करून सामुदायिक भोजनालये उघडण्यात आली, आणि घरच्या कढया पोलाद गाळण्याच्या भट्ट्यांत गेल्या. चुलीचा देव ज्या चुलीत राहायचा तीच उरली नाही. १९५९ ते १९६१ या काळातील दुष्काळात मेलेल्यांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटीपर्यंत दिले जातात. 'उरणे' या शब्दाची भीती लोकांना का वाटत होती, ते त्या तीन वर्षांनी पुन्हा सिद्ध केले.

सांस्कृतिक क्रांतीत, १९६७ च्या जानेवारी अखेरीस, वसंतोत्सवाची सुटीच रद्द झाली आणि 'क्रांतिकारक वसंतोत्सव' साजरा करण्याचे आदेश निघाले. कामावर जावे, शेतात राबावे, देवांना आणि पूर्वजांना पुजू नये. काही ठिकाणी सणाच्या जेवणाऐवजी 'कटु स्मृतीचे जेवण' देण्यात आले: कोंडा आणि रानभाज्या. जुन्या समाजातील हालअपेष्टा आठवाव्यात हा हेतू. इतिहासाचा उपरोध असा की कोंडा आणि रानभाज्या खाण्याची सर्वांत ताजी आठवण जमीनदारांच्या काळातली नव्हती, ती सहा-सात वर्षांपूर्वीची होती. १९७९ च्या जानेवारीत पीपल्स डेली या मुखपत्राने वाचकांची पत्रे छापली, त्यांत वसंतोत्सवाची सुटी का नाही असा सरळ प्रश्न होता. १९८० मध्ये सुटी परत आली. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने हा उत्सव मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवला, आणि २०२५ पासून चीनमध्ये त्याची सार्वजनिक सुटी चार दिवसांची झाली. साठ-सत्तर वर्षे जो मोडायचा होता, तो आता मिरवायचा आहे.

राजाज्ञा हरल्या, कारण त्या पंचांगावर आणि देवळांवर चालवल्या गेल्या. सण मात्र भाषेत आणि स्वयंपाकघरात राहत होता. 'यू' या उच्चारातून शिल्लक काढून टाकणारा हुकूम कोणालाच लिहिता आला नसता. मात्र हे भाषेचे सामर्थ्य निखळ कौतुकाचे नाही, याचे एक अलीकडचे उदाहरण आहे. 'फा-त्साय' ही वायव्येकडील रुक्ष कुरणांत जमिनीलगत वाढणारी, काळ्या केसांसारखी दिसणारी वनस्पतीवजा वस्तू. तिला स्वतःची अशी चव जवळजवळ नाही. पण तिचे नाव 'श्रीमंत होणे' या शब्दांसारखे ऐकू येते, आणि म्हणून दक्षिणेत नववर्षाच्या ताटात तिला मोठी मागणी. ती गोळा करण्यासाठी निंगशिया आणि अंतर्मंगोलियातील कुरणे दाताळ्यांनी खरवडली गेली, माती उघडी पडली, वाळवंट पसरू लागले. अखेर २००० साली चीनच्या मंत्रिमंडळाने ती गोळा करण्यावर आणि विकण्यावर बंदी घातली. त्यानंतर बाजारात पिठाच्या सत्त्वापासून केलेली नकली फा-त्साय दिसू लागली. खाणाराला त्याने फारसे बिघडत नव्हते, कारण खायचे होते ते नाव. ज्यांच्या जमिनीचे वाळवंट झाले, ते मेंढपाळ त्या ताटाभोवती बसलेले नव्हते. येथेही शुभ एका घरात आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या.

हे ताट समुद्र ओलांडून आपल्यापर्यंतही आले आहे. मुंबईत माझगावला, गोदीच्या परिसरात, १९१९ साली कँटन प्रांतातून आलेल्या दर्यावर्दी चिन्यांनी बांधलेले 'सी यिप' मंदिर आहे; नववर्षाच्या रात्री मुंबईतील उरलेली चिनी कुटुंबे तेथे जमतात. 'उरलेली' हा शब्द मी जाणून वापरते आहे. १९६२ च्या युद्धानंतर भारतातील सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानातील देवळी येथे स्थानबद्ध करण्यात आले, आणि पुढील वर्षांत अनेक कुटुंबे देश सोडून गेली. वर्षाच्या शेवटच्या रात्री जेवायला घरी न पोहोचलेल्या माणसाचा वाडगा आणि काड्या पानात मांडून ठेवण्याची चाल चिनी घरांत आहे. देशोधडीला लागलेल्या समाजाच्या ताटात असे किती वाडगे मांडावे लागत असतील, याची कल्पना करता येते.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मी आता थोडे निराळे देईन. श्यांगलीनच्या बायकोने पेले नेले असते तर काहीच झाले नसते. पण त्या घराला ते कधी कळले नसते, कारण ते करून पाहण्याचे धैर्य त्यांच्यात नव्हते. ज्या भुकेच्या भयाने ताटात मासा उरवायला शिकवले, त्याच भयाने त्या बाईचा हात अडवला. एक घेऊन दुसरे टाकता येते का, हा प्रश्न चिनी समाजाइतकाच आपलाही आहे.

शेवटी एक चाल सांगते. नववर्षाच्या दिवशी हातून वाडगा पडून फुटला तर ते अशुभ. पण लगेच कोणीतरी म्हणायचे, 'स्वे-स्वे फिंग-आन'. फुटणे म्हणजे 'स्वे', वर्ष म्हणजेही 'स्वे': वर्षानुवर्षे शांती असो. एका श्लेषाने फुटलेला वाडगा सांधला जातो आणि घाबरलेल्या मुलाला कोणी रागावत नाही. इतकी दयाळू ही भाषा आहे. आपल्या मराठीतही सवाष्णीची बांगडी फुटली की आपण ती 'वाढली' म्हणतो. नवरा गेलेल्या बाईची मात्र फोडली जाते, आणि त्या फोडण्याला आपण दुसरा शब्द शोधला नाही. लू शुन यांच्या गावातही वाडग्यासाठी श्लेष होता. त्या बाईसाठी कोणी शोधला नाही.